पाडव्यापर्यंत टिकणारा मासा

पाण्यावर तरंगण्यासाठीच जन्माला आलेल्या लाकडाला पाण्यात बुडवून मारण्याची कला माझ्या थोरल्या साडूंइतकी अख्ख्या ग्वाल्हेरात कोणाला साधलेली नाही. हे मी कौतुकाने लिहितोय की कुचेष्टेने, ते माझं मलाच अजून ठरवता आलेलं नाही. मी मुळात कमी बोलणारा माणूस. सासुरवाडीत मला सगळे ‘छोटे जावई’ म्हणतात, आणि जावयाने कमी बोलणं हा तिथे सद्गुण समजला जातो, त्यामुळे माझं फावलं. पण तोंड न उघडता माणूस किती भानगडींत सामील होऊ शकतो हे कोणी लक्षात घेत नाही. साडूंच्या भानगडीत मी पहिल्या दिवसापासून होतो. ते ओझं बरेच दिवस वागवलं. आता सांगून टाकतो.

थोरले साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. आम्ही सगळे त्यांना भैय्यासाहेब म्हणतो. त्यांचे पूर्वज मराठी फौजेबरोबर दख्खनेतून निघाले आणि इथे लष्करात घर बांधून राहिले. लष्कर हे आमच्या शहराच्या एका भागाचं नाव. तिथे आता फौज नाही, ऑटो आणि टेम्पो आहेत, आणि त्यांच्यातून रस्ता ओलांडायला पूर्वीइतकंच शौर्य लागतं. घराण्याचा इतिहास भैय्यासाहेब थोडक्यात सांगतात: पणजोबांनी तलवार चालवली, आजोबांनी घोडा चालवला, वडिलांनी सायकल. स्वतःबद्दल ते काही सांगत नाहीत, कारण त्यांनी सरकारी कचेरीत जन्मभर फायली थांबवल्या. निवृत्त झाल्यावर त्यांना अचानक वाटलं की या हातांनी आजवर काहीच घडवलेलं नाही. निवृत्त माणसांना असं वाटतं आणि मग ती बाग करतात, नाहीतर होमिओपॅथी. भैय्यासाहेबांनी मासे करायला घेतले. लाकडाचे.

आणि ते लाकूड मी दिलं. माझी मुलगी कॉलेजात छोटी विमानं बनवण्याच्या स्पर्धेत भाग घ्यायची. तिचं विमान फूलबागेच्या मैदानावर एका कडुलिंबात शिरलं ते परत बाहेर आलं नाही, आणि बाल्सा लाकडाच्या उरलेल्या पट्ट्या घरात पडून राहिल्या. बायको म्हणाली, फेकून द्या. मला फेकवेना, म्हणून मी त्या भैय्यासाहेबांना दिल्या. घरातला कचरा दुसऱ्याच्या घरी पोचवून त्याला भेट म्हणण्याची आपली रीतच आहे. त्यांनी एक पट्टी हातात घेतली, नखाने दाबली, हवेत उडवली, गालाला लावली आणि म्हणाले, “छोटे जावई, ही तर चीजच काही और आहे.” पुढच्या काळात ताईंनी, म्हणजे माझ्या मेव्हणीने, स्वयंपाकघरात डिंकाचा डाग दिसला की माझ्याकडे बघावं आणि नुसतं म्हणावं, “लाकूड कोणी दिलं होतं?” एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

बाल्सा हे लाकूड आहे असं मानायला माझी हरकत नाही, पण ते त्या जातीत चुकून जन्माला आलंय. नख रुतवलं तर खड्डा पडतो, जोरात शिंकलं तर टेबलावरून उडतं. त्याचा जो मासा करतात त्याला शौकीन लोक ल्युअर म्हणतात: खरा मासा फसावा म्हणून केलेला खोटा मासा. आत शिशाचा गोळा, पोटाखाली आणि शेपटीला गळ, तोंडाखाली पारदर्शक प्लास्टिकचा ओठ. दोरी ओढली की ओठाला पाणी अडतं, मासा डोकं खाली घालतो आणि कंबर हलवत पोहू लागतो. हा ओठ भैय्यासाहेब जुन्या कॅसेटच्या डब्यांतून कापत. त्यांच्या घरातली सगळी भावगीतं त्या काळात उघड्यावर आली. मी एकदा, केवळ काहीतरी बोलावं म्हणून, विचारलं की एवढं नाजूक लाकूड कशाला, सागवान का नाही? त्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली की जणू मी देवाला प्लास्टिकचं फूल वाहिलं. “सागवानाचा मासा पाण्यात कसा चालतो माहीत आहे? मी कचेरीत चालायचो तसा. पेन्शनपर्यंत टिकतो, पण त्याला बघून कोणाला भूक लागत नाही. बाल्सा नाचतो हो.”

तो नाचायचा हे खरं. थोडा वेळ. आमच्या गावाबाहेर तिघऱ्याचं धरण आहे, तिथे दर रविवारी सकाळी मी त्यांना स्कूटरवरून घेऊन जायचो. पहिला मासा त्यांनी फेकला तो थेट धरणाच्या दगडी भिंतीवर आपटला आणि त्याची कवटी फुटली. त्यावर वॉर्निशचे जादा हात चढवणं हा उपाय निघाला. दुसरा मासा भिंतीपासून सुखरूप वाचला, पण ओठ बसवायला पाडलेल्या खाचेतून गुपचूप पाणी प्यायला आणि दुपारपर्यंत चहात बुडवलेल्या टोस्टासारखा फुगला. त्यावर खाचेत लाख भरणं हा उपाय. तिसऱ्याला एका सौरने धरलं. सौर म्हणजे तिकडे दक्षिणेत मरळ म्हणतात तो दांडगा मासा. सौरने एकदा चावून पाहिलं आणि थुंकून टाकलं. तेवढ्यात दातांची रांग उमटली आणि प्रत्येक भोकातून पाणी शिरलं. चौथ्याच्या वेळी सौरने ठाम निर्णय घेतला. तो पोटाखालचा गळ, गळाची कडी आणि कडी जिथे रोवली होती ते पोट, असं सगळं घेऊन गेला, आणि दोरीच्या टोकाला डोकं तेवढं परत आलं, डोळे उघडे ठेवून. त्यावर उपाय म्हणून पाचव्यापासून आरपार तार घालायला सुरुवात झाली. थोडक्यात, प्रत्येक मासा मागच्या मरणाचा इलाज घेऊन यायचा आणि नव्याच कारणाने मरायचा.

प्रत्येक मृताची चिरफाड जेवणाच्या टेबलावर व्हायची. ताई निमूटपणे पोळ्यांचा डबा उचलून घेत. भैय्यासाहेब वर्तमानपत्रावर मासा ठेवून ब्लेडने उभा चिरत आणि आतल्या ओल्या भागावर बोट ठेवून म्हणत, “बघा. इथून घुसून राहिलंय.” मी बघायचो. मग ते पुढचा मासा माझ्या तळहातावर ठेवायचे. “आता कसा वाटतो?” मी म्हणायचो, “छान.” खरं सांगायचं तर मला त्या माशांतलं ओ की ठो कळत नव्हतं, आणि जेवढं कळत होतं त्यावरून तो पुढच्या रविवारी मरणार हे दिसत होतं. पण ‘छान’ हा शब्द मी लग्नापासून वापरतोय, भाजीपासून सत्यनारायणापर्यंत सगळ्यांवर, आणि आजवर तो कुठे फुटला नव्हता.

धरणावरच्या चौकीदाराला मात्र असला काही संकोच नव्हता. तो आमच्या मागे उकिडवा बसून बिडी ओढायचा आणि भैय्यासाहेबांची सगळी तयारी नीट पाहून घेतल्यावर म्हणायचा, “बाबूजी, मछली को भूख लगेगी तो मछली खाएगी। फर्नीचर काहे खाएगी?” भैय्यासाहेब त्याच्याकडे न बघता म्हणायचे, “ये फर्नीचर नहीं, कला है।” चौकीदार धूर सोडून विचार करायचा. “तब तो और नहीं खाएगी।”

या माणसाचं टिकाऊपणाचं वेड माशांपुरतं राहिलं असतं तर मी हे लिहायलाही बसलो नसतो. लग्नाला गेले की नवरा-नवरीच्या खुर्चीला नख लावून बघायचे. कोणाच्या घरी नवा सोफा आला की त्याच्या पायाला टिचकी मारून कान लावायचे आणि चेहरा पाडून म्हणायचे, “आतून पाणी धरेल.” यजमानीणबाई दिवसभर बेचैन. एकदा आम्ही महाराज बाड्यावरच्या बांगड्या-टिकल्यांच्या दुकानात नेलपॉलिश घ्यायला गेलो. नेलपॉलिशचा थर पाण्याला अडवतो असं त्यांनी कुठेसं वाचलं होतं. भैय्यासाहेबांनी स्वतःच्या दहाही बोटांना दहा रंग लावून बघितले, वाळल्यावर प्रत्येक नख दातांनी चावलं. दुकानातली मुलगी फार सभ्य. तिने अदबीने विचारलं, “अंकल, मॅडम का रंग कैसा है?” भैय्यासाहेब तंद्रीत होते. म्हणाले, “पीठ हरी, पेट चाँदी जैसा, और गलफड़े के पास थोड़ा लाल।” आम्ही बाहेर पडलो तरी ती मुलगी काउंटरला धरून उभी होती. त्या संध्याकाळी ते रंगीत बोटांनी कोणाच्या तरी तेराव्याला जाऊन आले आणि कोणी काही विचारलं नाही, कारण एव्हाना लोकांनी विचारणं सोडलं होतं.

रिकाम्या हाताने घरी जायला मात्र त्यांना लाज वाटायची. म्हणून आम्ही परतताना हजीऱ्याच्या बाजारातून मासा विकत घ्यायचो आणि ओल्या फडक्यात गुंडाळून न्यायचो. तिघऱ्याहून लष्करात यायला हजीरा अजिबात वाटेवर नाही, हे ग्वाल्हेरातल्या कुठल्याही म्हशीला ठाऊक आहे. ताई फडकं उघडून म्हणायच्या, “वा. आज धरणात बर्फही होता वाटतं.” आणि माझ्याकडे बघायच्या. मी म्हणायचो, “छान लागला गळाला.” पुन्हा तोच शब्द. असं मी किती रविवार त्या बाईंशी खोटं बोललो असेन, देव जाणे. त्या मुकाट्याने मासा साफ करायच्या आणि मला दोन तुकडे जास्त वाढायच्या. त्या दोन तुकड्यांचा मला अजून त्रास होतो.

पण खरी गोष्ट सुरू होते ती गेल्या खंडेनवमीला. आमच्यात त्या दिवशी शस्त्रांची पूजा असते. घरातली शस्त्रं पुसून पाटावर मांडायची, हळद-कुंकू वाहायचं, आणि दसऱ्यापर्यंत त्यांना हात लावायचा नाही. भैय्यासाहेबांकडे पणजोबांची तलवार आहे, न उडणारी एक बंदूक आहे, आणि शस्त्रं कमी दिसू नयेत म्हणून विळी आणि कातरही मांडतात. त्या खेपेला त्यांनी पाटावर घडवून तयार असलेले, अजून पाण्यात न गेलेले सगळे लाकडी मासे ओळीने मांडले. इथवर ठीक. पण त्यांच्या मनाने घेतलं की हे नुसतं शस्त्र नाही, याला डोळे आहेत, रूप आहे, म्हणजे ही मूर्तीही आहे, आणि मूर्तीला पंचामृताचं स्नान हवं. शिवाय, माझ्या कानात म्हणाले, “जो दुधा-दह्यातून वाचेल तो तिघऱ्यात काय मरतो?” म्हणजे भक्तीची भक्ती आणि परीक्षेची परीक्षा. दूध, दही, तूप, मध, साखर, सगळं माशांवर मंत्रासकट ओतलं गेलं. आणि मग पद्धतीप्रमाणे रात्रभर कोणी त्यांना हात लावला नाही.

दसऱ्याच्या सकाळी देवघरात आंबूस वास सुटला होता. मधाला मुंग्या लागल्या होत्या, त्या ओठांच्या खाचांतून आत-बाहेर करत होत्या. मासे फुगले होते. कोणाच्या पाठीवरचा रंग केळीच्या सालीसारखा सोलवटला होता, कोणाचं पोट उकललं होतं, आणि एकाचा डोळा निखळून तलवारीच्या मुठीला चिकटला होता. ताई आल्या, त्यांनी बघितलं, आणि भिंतीला टेकून खाली बसून हसल्या. हसता हसता त्यांचे डोळे भरून आले आणि मग नुसतेच भरलेले राहिले. म्हणाल्या, “अहो, यातलं काही टिकायचं नाही. पुण्याला चला ना आता.”

पुण्याला त्यांचा मुलगा असतो. नातू झालाय. ताई त्याला फोनच्या काचेवर बघतात, त्याच्या दातांची नोंद ठेवतात, आणि फोन ठेवला की काच पदराने पुसतात. मुलगा वर्षभर बोलवत होता. भैय्यासाहेबांचं उत्तर ठरलेलं: “आमचे लोक पुण्याकडून निघाले त्याला दोन-अडीचशे वर्षं झाली. एवढ्या लढाया करून इथवर आलो ते परत जायला? आमच्या घराण्यात माघार नाही.” शिवाय पुण्याचे लोक आपल्या मराठीला हसतात, ही दुसरी सबब. एका लग्नात कोणा पुणेकराने त्यांना विचारलं होतं, आपण मराठी छान शिकलात, मूळचे कुठले? ते त्यांनी माफ केलेलं नाही.

पण त्या सकाळी, मुंग्यांच्या साक्षीने, ते उत्तर बाजूला ठेवून त्यांनी तलवारीच्या मुठीला चिकटलेला डोळा नखाने सोडवला. मग म्हणाले, “एक मासा. मी एक मासा करतो. तो गुढीपाडव्यापर्यंत टिकला तर आपण इथेच राहायचं आणि तू पुण्याचं नाव काढायचं नाही. नाही टिकला तर मी बिनबोभाट चालतो.”

“कपाटात ठेवून टिकवायचा नाही,” ताई म्हणाल्या. “दर रविवारी पाण्यात पाहिजे.”

“दर रविवारी.”

“आणि टिकला की नाही हे तुम्ही नाही सांगायचं. छोटे जावई सांगतील. ते बोलत नाहीत, म्हणजे खोटंही बोलत नसतील.”

मी दाराशी उभा होतो. तिथल्या तिथे जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटलं. ‘बर्फही होता वाटतं’ म्हणणारी बाई मला खरा माणूस समजत होती, की मला खरं होण्याची एक संधी देत होती, कोण जाणे. मी मान हलवली.

त्यानंतर जो मासा घडला त्याच्याइतकी काळजी त्या घरात कोणाच्या बाळंतपणातही घेतली गेली नसेल. दोन फाळ्या कोरून मध्ये तार, बाहेरून पातळ डिंक जिरवलेला, ओठाच्या खाचेत लाख, आणि वर इपॉक्सीचे, म्हणजे वाळून काचेसारख्या होणाऱ्या गोंदाचे, थर. इपॉक्सी वाळताना एका बाजूला ओघळतं, म्हणून मासा सतत फिरता हवा. भैय्यासाहेबांनी माळ्यावरून गणपतीच्या मखरातली मोटर काढली, ती नाही का, मूर्तीच्या डोक्यामागे चक्र फिरवते, आणि तिच्यावर मासा चढवला. त्यामुळे ऐन दिवाळीत त्यांच्या दिवाणखान्यात एक हिरवा मासा आदल्या गणपतीच्या लाल-निळ्या दिव्यांसकट गरगर फिरत होता, आणि फराळाला आलेले लोक सवयीने त्याला हात जोडत होते.

आणि तो टिकला. हे मला अपेक्षित नव्हतं. मार्गशीर्षात भिंतीवर आपटला, टिकला. पौषात धुकं एवढं असायचं की दोरी कुठे संपते ते दिसत नसे. तेव्हा कुणा दांडग्या सौरने धरला, सोडला, टिकला. भैय्यासाहेब दर रविवारी तो पुसून माझ्या तळहातावर ठेवायचे, आणि मी ‘छान’ म्हणायचो, आणि आयुष्यात पहिल्यांदा तो शब्द खरा होता. माझं काय होत होतं ते सांगतो. मासा टिकावा असं मला वाटत होतं, अगदी मनापासून. ताई नातवाच्या दातांचं सांगायला लागल्या की मी पेल्यातलं पाणी पीत बसायचो, संपलं तरी. त्यांची बाजू खरी होती. पण भैय्यासाहेब गेले तर रविवारी मी कोणाकडे जाणार होतो? मी नोकरी करतो त्या बँकेतली मंडळी आहेत, शेजारी आहेत, पण मला गप्प राहू देऊन माझ्याशी तासन् तास बोलणारा माणूस एकच होता.

पाडव्याच्या आधीचा रविवार. भैय्यासाहेबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय, त्यामुळे दोरीची गाठ मीच मारायचो. गाठ मारताना मासा उजेडाकडे वळला आणि मला ओठाच्या मुळाशी चीर दिसली. केसाएवढी. तिच्याखाली, चकचकीत थराच्या आत, पांढुरका डाग. आत पाणी शिरलं की दिसतो तसा. एवढी चिरफाड बघून मलाही आता ते कळायला लागलं होतं.

“ठीक आहे ना?” त्यांनी विचारलं.

“छान,” मी म्हणालो.

त्यांनी फेकला. मासा पाण्यात पडला, नाचू लागला, आणि तिसऱ्या-चौथ्या वळणावर खालून काहीतरी आलं. रॉड वाकला. चरखी किंचाळली. चौकीदाराच्या तोंडातली बिडी खाली पडली. भैय्यासाहेब गुडघाभर पाण्यात उतरले, मी त्यांचा पट्टा धरून मागे, तिघऱ्यात मगरी आहेत अशी पाटी आमच्या शेजारीच. सौर एकदा पाण्याबाहेर आला, काळा, मांडीएवढा, जबड्यात आमचा हिरवा मासा आडवा. मग टण् असा आवाज झाला आणि दोरी हलकी होऊन परत आली. तुटली होती.

भैय्यासाहेब वळले, आणि त्यांचा चेहरा बारशाला आलेल्या आजोबासारखा फुलला होता. “दोरी तुटली, छोटे जावई. दोरी. मासा नाही तुटला. तुम्ही बघितलंत. शेवटपर्यंत साबूत होता.” परतीच्या वाटेवर ते स्कूटरच्या मागे बसून गाणं म्हणत होते. त्या दिवशी आम्ही हजीऱ्याला गेलो नाही.

पाडव्याला मी आणि बायको त्यांच्याकडे जेवायला गेलो. गुढी उभी होती, कडुलिंबाची चटणी झाली, श्रीखंड झालं. ताईंनी हात पुसले आणि सरळ माझ्याकडे बघितलं.

“सांगा. टिकला का?”

भैय्यासाहेब टेकून बसले होते, विडा लावत. त्यांना काळजी नव्हती. मला वाटलं होतं की आपण ‘छान’ म्हणून मोकळे होऊ. तोंड उघडलं तर वेगळंच निघालं.

“चीर गेली होती. ओठापाशी. गाठ मारताना बघितली मी. आत पाणी होतं.”

विड्याचं पान तसंच राहिलं. “फेकायच्या आधी बघितलीत?”

“हो.”

“आणि छान म्हणालात.”

“मी नेहमीच तसं म्हणतो, भैय्यासाहेब. पहिल्या माशापासून. मला काही कळत नव्हतं.”

माझी बायको ताटाकडे बघत होती. जिंकलेल्या ताई मात्र एकदम पुढे सरसावल्या. “बारीक चीर गेली म्हणून काय झालं? हातात तर अख्खाच होता ना? एवढा मोठा सौर लागला, तरी तुटला नाही. टिकला म्हणायचा तो. काय हो छोटे जावई, उगीच काहीतरी.”

“गप,” भैय्यासाहेब म्हणाले, पण हळू. “तुला यातलं समजत नाही. चीर म्हणजे पाणी आत. पाणी आत म्हणजे पुढच्या रविवारी फुगणार, त्याच्या पुढच्या रविवारी उकलणार. तो मेलाच होता. फक्त त्याला माहीत नव्हतं.” त्यांनी विडा पूर्ण केला, ताईंच्या हातावर ठेवला. “सामान बांधा. फौज परत निघाली.”

ताई विडा हातात धरून आत गेल्या. तो न खाता त्यांनी देवापुढे ठेवून दिला.

स्टेशनवर पोचवायला मीच गेलो. सामान चढवलं, ताई खिडकीशी बसल्या, भैय्यासाहेब दाराशी उभे राहिले. गाडी सुटायला वेळ होता आणि आमच्यात बोलायला कोणी नव्हतं, कारण बोलणारे ते, आणि ते गप्प. मग एकदम म्हणाले, “तुम्हाला मासे पकडणं कधी आवडलंच नाही, ना?”

“नाही.”

“पाण्याची भीतीही वाटते.”

“फार.”

“मग इतकी वर्षं काय करून राहिला होतात तिथे?”

एवढं बोलून झालं होतं तर हेही बोलावं. “तुम्ही होतात,” मी म्हणालो.

त्यांनी प्लॅटफॉर्मच्या पार टोकापर्यंत नजर टाकली, चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, पुन्हा लावला. “हे आधी सांगायचं होतं,” ते म्हणाले. “तुमच्यासाठी म्हणून मी थंडीत इतक्या पहाटे उठायचो. मला वाटायचं, तुम्हाला शौक आहे.” गाडी हलली. त्यांनी हात वर केला नाही, दारातला दांडा धरून नुसते उभे राहिले.

परवा रविवारी बायको म्हणाली, कुठे निघालात, तर मी पेट्रोल भरायला जातो म्हणालो आणि तिघऱ्याला गेलो. रॉड नाही, काही नाही. उन्हाने पाणी खूप मागे गेलंय, आम्ही बसायचो तो दगड आता कोरड्यात आहे. चौकीदार आला, शेजारी उकिडवा बसला, बिडी पेटवली.

“बड़े बाबूजी नहीं आए?”

“पुणे गए हैं। लड़के के पास।”

“लौटेंगे कब?”

मला उत्तर माहीत होतं. सध्या मी सगळ्यांना खरं सांगत सुटलोय, त्यामुळे बँकेत दोघांशी अबोला झालाय.

“आएँगे,” मी म्हणालो. “जरा गर्मी निकलने दो।”

त्याने मान हलवली. आम्ही दोघं पाण्याकडे बघत बसून राहिलो.